पीएच सुधारता सुधारता कॅल्शियम कुठे गेलं?

प्रश्न : समुद्री जीव पाळायची खाऱ्या पाण्याची नवी टाकी (अ‍ॅक्वेरियम) आहे, पाणी 150 लिटर. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर दोन लहान मऊ प्रवाळ ठेवले. सकाळी पीएच 7.9 दिसतो म्हणून दुकानदाराने रोज बफर (पीएच चढवणारे कार्बोनेटचे क्षार) घालायला सांगितलं. घातलं की चढतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच. आता अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 12.5 डीकेएच, कॅल्शियम 420 वरून 340 पीपीएम, हीटरवर पांढरा थर. कॅल्शियम किती घालू?
ता. क. आटलेलं पाणी भरताना त्यात मीठ मिसळावं का?

उत्तर : कॅल्शियमची बाटली कपाटात ठेवा आणि बफरची तिच्याही मागे.

तुमचं कॅल्शियम प्रवाळांनी खाल्लेलं नाही. मऊ प्रवाळ दगडी सांगाडा बांधत नाहीत, त्यांना ते लागतं जेमतेम. ते हीटरवर बसलंय. कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातून जोडीने बाहेर पडतात : 20 पीपीएम कॅल्शियम गेलं की साधारण 2.8 डीकेएच अल्कलिनिटी सोबत जाते. तुमचं 80 गेलं, म्हणजे सुमारे 11 डीकेएचचं बफर वाया. 150 लिटरला हिशेब केला तर 30 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होतं. बराचसा थर हीटरवर, कारण तापलेल्या पृष्ठभागावर ते आधी धरतं. उरलेलं पंपाच्या पंख्यावर आणि वाळूत. एवढ्या चढ्या अल्कलिनिटीत आणखी कॅल्शियम ओतलंत तर पाणी गढूळ होईल आणि आकडा होता तिथेच राहील.

मुळात 7.9 हा आजारच नाही. रात्री दिवे बंद असताना टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, म्हणून पहाटे पीएच सर्वांत कमी असतो. 7.8 ते 8.4 मध्ये असेल तर मी त्याच्या वाटेला जात नाही. शंकाच असेल तर टाकीतलं ग्लासभर पाणी घराबाहेर नेऊन तासभर एअर पंपाने बुडबुडे सोडा. पीएच वर गेला तर दोष बहुधा कोंडलेल्या खोलीतल्या हवेचा. तिथे खिडकी उघडणं हाच इलाज. स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी घराबाहेर काढली तर उत्तमच.

आता करायचं ते. आधी खारेपणा पाहा, कारण बाकीचे आकडे त्याच्यावर उभे आहेत. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या, म्हणजे हजारात 35 भाग खारेपणाच्या, द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य लावणं पुरत नाही. मग दर काही दिवसांनी 15 टक्के पाणी बदला. नव्या मिठाचं पाणी टाकीत घालण्यापूर्वी मोजा, काही मिठं मुळातच 11-12 डीकेएचची असतात आणि ती तुमच्या कामाची नाहीत. 8 च्या आसपासचं घ्या. अल्कलिनिटी 9 च्या खाली आली की मॅग्नेशियम तपासा. 1250 पीपीएमपेक्षा कमी असेल तर कार्बोनेट लवकर खाली बसतं, म्हणून आधी ते भरून काढा. त्यानंतर कॅल्शियम क्लोराइडने कॅल्शियम थोडं थोडं करत 400 च्या वर न्या. हीटर बंद करून, पूर्ण गार झाल्यावर बाहेर काढा आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, थर फसफसून सुटेल. नीट धुऊन परत लावा.

तुमच्या ता. क. चं उत्तर : नाही. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) साधं पाणी भरा, तेही रोज थोडं थोडं.