आजीच्या मुठीचं वजन

बाळा, अनेक आशीर्वाद.

आजीला फोन करून रश्शाच्या कांदा-लसूण चटणीचं प्रमाण विचारलंस आणि तिने "अंदाजानं घालायचं, त्यात काय मापायचं?" म्हणून फोन ठेवला, हे वाचून हसू आलं. ती लपवत नाही रे. हात इतकी वर्षं जे करत आलेत ते तोंडाने सांगायची वेळच तिच्यावर आली नाही. तिला फोनवर कितीही विचारलंस तरी हेच उत्तर मिळणार. होळीनंतर उन्हं तापली की चटणीचा हंगाम लागतो. तेव्हा कोल्हापुरात ये, तिच्याशेजारी उभा राहा आणि ती करेल ते लिहून घे.

लिहायचं ते वजनावर. तिची वाटी, तिची मूठ, ते पोचे आलेलं जर्मनचं पातेलं, यातलं काही बदलायला लावू नकोस. "आजी, हे कपानं घाल" म्हणालास की ती बिचकेल आणि तुझ्यासाठी भलतीच चटणी होईल. त्यापेक्षा धण्याचा डबा झाकणासकट काट्यावर ठेव आणि आकडा टिपून घे. तिने मूठभर काढले की पुन्हा ठेव. जो फरक येईल ती तिची मूठ. आमच्या खानावळीत नवी बाई आली आणि तिच्या हाताला चव असली, की मी असंच करतो. तिला कळतही नाही.

कांदा मात्र दोनदा तोल, एकदा चिरल्यावर आणि एकदा तळून झाल्यावर. लोक "अर्धा किलो कांदा" लिहितात आणि तिथेच फसतात. त्यातलं पाणी किती उडवायचं यावर वर्षभराची चटणी उभी असते. कांद्यात ओल राहिली तर पावसाळ्यात बरणीत बुरशी धरते, आणि जास्त तळला तर सगळी चटणी कडवट होते. काही घरांत कांदा आधी उन्हात वाळवतात, काही घरांत थेट शेंगतेलात टाकतात. तुझी आजी कुठे थांबते ते नीट बघ. ती बहुतेक रंग बघत नसेल, झाऱ्यावरचा कांदा वाजवून बघत असेल. तसं असेल तर "कुरकुरीत आवाज आला की काढते" असंच लिही, मिनिटं लिहू नकोस. खोबऱ्याचंही तसंच, ते नीट भाजलं नाही तर खवट होतं. म्हणून काही जणी चटणीत खोबरं बेताने घालतात आणि रश्शाच्या वेळी वेगळं वाटून लावतात.

आमच्या खानावळीत 1 किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं आणि पाव किलो धणे असं धरतात. हे तुला फक्त अंदाज यावा म्हणून सांगितलं. शिवाजी पेठेतल्या घरात वेगळं निघेल, कागलात त्याहून वेगळं.

मिरचीवर जरा थांबतो, कारण तू पत्रात नुसतं "लाल मिरची" लिहिलं आहेस. ब्याडगी रंगाला, तिला तिखटपणा कमी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, 2011 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. झणका येतो तो संकेश्वरी किंवा लवंगीमुळे. आजी या दोन-तीन मिरच्या एकत्र करत असणार, आणि ते प्रमाण दरवर्षी हलत असणार, कारण मिरची दरवर्षी सारखी येत नाही. ती लक्ष्मीपुरीत खरेदीला निघाली की पिशवी धरायला तू जा. ती मिरची मोडून बघेल, बी किती ते बघेल, नाकाशी नेईल, आणि एखाद्या दुकानातून काहीही न घेता पुढे जाईल. का गेली, ते तिथल्या तिथे विचार. घरी आल्यावर ती विसरते.

डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर, कांडायलाही सोबत जा. नाकाला रुमाल बांध, नाहीतर शिंका थांबणार नाहीत. मिक्सरवर भागतं असं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. डंकात कांदा, लसूण, खोबरं कुटलं जाऊन तेल सुटतं आणि चटणी एकजीव होते, मिक्सरमध्ये तसं होत नाही. आणि आजी कोणाच्या मागे नंबर लावते तेही बघ. आधीच्या घरचं थोडंफार डंकाला चिकटलेलं असतंच, आणि म्हाताऱ्या बायका याबाबतीत फार चिकित्सक असतात.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. पुण्यात तीच चटणी घालूनही रस्सा आजीसारखा होत नाही म्हणतोस. माझी आजी आखाडात मटण शिजवायची तेव्हा आम्हा पोरांना आधी वाटीत अळणी मिळायचं, म्हणजे मटण शिजल्याचं हळद-मिठाचं पाणी, आणि आम्ही चुलीपाशी बसून पुढचं बघायचो. तेल तापलं की ती जाळ ओढून घ्यायची, मग चटणी टाकायची आणि लगेच पळीभर अळणी ओतायची. चटणी तेलात क्षणभरच राहायची. तापल्या तेलात जास्त राहिली तर काळी पडते, मग वर कितीही तेल घाल, तांबडा तवंग येत नाही. तू गॅस मोठा ठेवून चटणी परततोस, अशी माझी पक्की खात्री आहे. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातल्यावर तो जोरात उकळू देत असशील, तर तेही बंद कर. दूध फुटतं.

आणि शाळेतून आल्या आल्या गरम भाकरीवर चटणी, वर शेंगतेलाची धार, या आठवणीशी आजची चव जुळवत बसू नकोस. त्या चवीत तुझी भूकही होती, आणि गेल्या पंचवीस वर्षांत आजीनेही चटणी बदलली असेल. मागे लसूण महागला तेव्हा कमी केला असेल, आजोबांना पित्त झालं तेव्हा लवंगी कमी केली असेल. वहीत वर वर्ष घाल, कोणती मिरची घेतली ते लिही. पुढच्या वर्षी पुन्हा लिही. आत्याची चटणी वेगळी निघाली तर तीही लिही, खरी कोणाची याचा निवाडा करत बसू नकोस.

पाककृती घराबाहेर द्यायची का, हे मला विचारू नकोस, आजीला विचार.

रजेचा अर्ज आत्ताच टाक. मार्चअखेरीस तुमच्या ऑफिसात सुट्टी मिळत नाही असं तूच म्हणाला होतास, तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा धर आणि आजीला तारीख कळव, म्हणजे ती मिरची आधी वाळवून ठेवणार नाही. येताना ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आण. घरातला तराजू शंभर ग्रॅमच्या खाली काही सांगत नाही.

तुझा,
काका