शेरलॉक होम्सच्या गोष्टीतली आयरीन ॲडलर कुठल्या सिनेमात किंवा मालिकेत सगळ्यात चांगली जमलीय? आधी काय बघू?

आधी १९८४ची ग्रॅनाडा टीव्हीची मालिका बघा. जेरेमी ब्रेट होम्स आणि गेल हनिकट आयरीन, पहिलाच भाग तिचा आहे. पण त्याच्याही आधी आर्थर कॉनन डॉयलची मूळ गोष्ट वाचा, 'अ स्कँडल इन बोहेमिया', १८९१ची, एका बैठकीत होते.

कारण बाकीच्यांनी या बाईचं काय करून ठेवलंय ते गोष्ट वाचल्याशिवाय कळत नाही. बोहेमियाच्या राजाबरोबरचा एक फोटो तिच्याकडे असतो, राजाचं लग्न दुसरीकडे ठरलंय म्हणून त्याची तंतरलेली, तो फोटो मिळवायला होम्स पाद्री बनून तिच्या घरात शिरतो आणि आगीची खोटी बोंब उठवायला लावतो, ती फोटोकडे धावते आणि तिथेच तिला कळतं की आपण फसलो. मग ती पुरुषाचे कपडे घालून त्याच्या मागोमाग बेकर स्ट्रीटला जाते, जाता जाता 'गुड नाइट मिस्टर शेरलॉक होम्स' म्हणते आणि हा ओळखत नाही! सकाळी जाऊन बघतात तर बाई फोटो घेऊन नवऱ्याबरोबर देशाबाहेर.

मी कुडाळचा, लहानपणापासून जत्रेत दशावतार बघत आलोय. माझा चुलतभाऊ स्त्रीपार्टी करतो. दुपारी दाढी घोटून बसलेला माणूस रात्री लुगड्यात आला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या त्याच्या दुःखाने डोळे पुसतात, आणि सकाळी तोच एसटी स्टँडवर चहा पीत असतो तेव्हा कोणी वळूनही बघत नाही. आयरीनचं त्याच्या उलट, आणि तिचा प्रेक्षक एकच, तोही होम्स.

बरं, पुढच्यांनी काय केलं? १८९९च्या विल्यम जिलेटच्या नाटकात तिच्यावरून ॲलिस फॉकनर नावाची बिचारी मुलगी झाली आणि होम्स चक्क तिच्या प्रेमात. जिलेटने लेखकाला विचारलं होतं होम्सचं लग्न लावू का, तर डॉयलसाहेबांनी कळवलं लग्न लावा, मारा, काय हवं ते करा. (त्यावरचा १९१६चा मूकपट हरवला म्हणून समजत होते, तो २०१४मध्ये फ्रान्समध्ये सापडला.) २००९च्या 'शेरलॉक होम्स' सिनेमात रेचल मॅकॲडम्स आहे, दिसते छान, पण ती होम्सचा शत्रू मोरियार्टी याच्या हुकमावर नाचणारी चोर. बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेतल्या २०१२च्या भागात लारा पुल्व्हरने काम जबरदस्त केलंय, फोटोऐवजी मोबाइल ही आयडियाही भारी, पण शेवटी शेरलॉकच पासवर्ड ओळखतो आणि वर तिचा जीवही वाचवतो. म्हणजे तिने जिंकलेली मॅच काढून त्याला दिली. 'एलिमेंटरी' या अमेरिकन होम्स-मालिकेबद्दल बोलत नाही, सांगितलं तर मजा जाईल.

आणि प्रेमाबिमाचं म्हणाल तर मूळ गोष्ट सांगणारा होम्सचा मित्र वॉटसन सुरुवातीलाच सांगून टाकतो की होम्सला तिच्याबद्दल तसलं काही वाटत नव्हतं. ते वाक्य सगळ्यांनी सोयीने गाळलंय.

भावाला मी दोन्ही दाखवले. बीबीसीचा संपल्यावर म्हणाला, "शेवटाक बाईक हरवल्यानी कित्याक?" ग्रॅनाडावाल्यात मात्र तो रात्रीचा सीन आला तसा रिमोट घेतला, मागे नेऊन परत बघितला, नीट निरखून. "चाल जरा कच्ची आसा," म्हणाला, "पण काळोखात खपान जातली."