वाचकांचे प्रश्न : मरीन टाकी मोठी करताना

प्रश्न : आमच्याकडे ३ × १.५ × १.५ फुटांची मरीन (खाऱ्या पाण्यातल्या माशांची) टाकी चार वर्षांपासून आहे. आत २० किलो लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), दोन क्लाउनफिश, एक ब्लेनी मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), बबल टिप एनिमोन (दगडाला धरून राहणारा फुलासारखा समुद्री जीव) आणि थोडे मशरूम (छत्रीसारखे समुद्री जीव) आहेत. आता ४ × २ × २ फुटांची टाकी संपसह (खाली ठेवायच्या फिल्टरच्या टाकीसह) करून घेतली आहे, पण ती ठेवायची त्याच जागी. म्हणजे आधी महिनाभर सायकल करून (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवून) ठेवणं शक्य नाही. जुनं सगळं पाणी नव्या टाकीत ओतलं की सायकल लागत नाही, असं दुकानदार म्हणतो. एका दिवसात हलवलं तर मासे वाचतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाचतील, पण दुकानदार सांगतो त्या कारणाने नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात अगदी थोडे असतात. ते दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या मीडियावर चिकटून राहतात. तुमचे २० किलो दगड ओले राहिले तर तेवढ्याच माशांचा भार ते नव्या टाकीतही सहज पेलतील. जुन्या पाण्याचा फायदा वेगळाच : मीठ वाचतं आणि जिवांना अचानक बदल सोसावा लागत नाही.

नवी टाकी, संप आणि दगड-वाळूने अडवलेली जागा धरून तुम्हाला साधारण ४६० लिटर पाणी लागेल. जुन्यातलं वरचं नितळ १०० लिटर वापरता येईल. उरलेलं ३६० लिटर आधी तयार हवं, म्हणजे सुमारे १३ किलो मीठ. घरगुती आरओचं पाणी पुरेसं शुद्ध नसतं. त्याला पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणारा) फिल्टर जोडून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्यावर आणा. इतकं पाणी एका रात्रीत गाळून होत नाही, त्यामुळे आठवडाभर आधी लागा. २०० लिटरचे दोन निळे पिंप घ्या, मात्र त्यात पूर्वी केमिकल भरलेलं नसावं. मीठ घातल्यावर पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून चोवीस तास फिरू द्या.

यात बहुतेकांची फसगत होते ती क्षारतेत. पुस्तकात १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) लिहिलंय म्हणून नवं पाणी १.०२५ चं करतात आणि जुनी टाकी वर्षभर १.०२८ वर चाललेली असते. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने जुळवून आधी जुनी टाकी मोजा आणि नवं पाणी तिच्याबरोबरीने करा. दुरुस्ती नंतर, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू.

टाकी गळते का, हे ती घरी आणण्याआधीच बघायला हवं, कारण तुमच्याकडे दुसरी जागा नाही. बनवणाऱ्याकडेच सिलिकॉन पूर्ण सुकल्यावर साधं पाणी भरून ४८ तास ठेवून घ्या.

हलवण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद. सकाळी सगळ्यात आधी हीटर बंद करा आणि पंधरा मिनिटं पाण्यातच राहू द्या. गरम हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते. मग वाळू न ढवळता वरचं पाणी सायफनने काढून घ्या. एनिमोन ज्या दगडाला धरून आहे त्या दगडासकट उचला. त्याचा तळ नखाने सोडवायला गेलात तर तो फाटतो आणि फाटलेला एनिमोन सडून सगळ्या टबाची वाट लावतो. बाकीचा प्रत्येक दगड जुन्या पाण्याच्या बादलीत चार-पाच वेळा जोरात हलवा. पाणी चहासारखं होईल. तो सगळा गाळ नव्या टाकीत जाणार होता, हे लक्षात ठेवून बादली ओतून द्या. ब्लेनी दगडाच्या बिळात दडून बसते, म्हणून दगड हवेत धरून क्षणभर थांबा. बहुतेक वेळा ती टपकन बादलीत पडते. धुतलेले दगड नितळ जुन्या पाण्याच्या टबात, पॉवरहेड आणि हीटर लावून ठेवा. दगड हवेत ठेवून ‘नंतर बघू’ म्हणू नका : त्यावरचे स्पंज हवा लागली की मरतात आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया दाखवतात.

मासे सगळ्यात शेवटी. दगड बाहेर आले, पाणी वीतभर उरलं की जाळीऐवजी प्लास्टिकच्या डब्याने दोन मिनिटांत सापडतात. झाकणाच्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवले की पाच-सहा तास काही होत नाही. झाकण मात्र हवंच.

तळाचं गढूळ पाणी टाकून द्या. जुनी टाकी वाळूसकट उचलू नका, तळाचा सांधा सुटतो. नव्या टाकीत आधी दगड थेट तळावर रचा, मग भोवती वाळू घाला. उलट केलंत तर वाळू उकरणारा एखादा गोबी मासा उद्या दगड कोसळवेल. ४ सेंमी थराला सुमारे ४५ किलो अॅरागोनाइट वाळू लागते. वाळू उसळू नये म्हणून पाणी ताटलीवर ओता. तापमान आणि क्षारता जुळली, अमोनिया शून्य आला की मासे सोडा. वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या) तोंडाला पहिले दोन आठवडे स्पंज बांधून ठेवा. नव्या जागी एनिमोन हिंडतो आणि रात्री पंख्यात सापडतो.

पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजा, खाणं निम्मं द्या, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून चालवा. ०.२५ पीपीएम अमोनिया दिसला की एक चतुर्थांश पाणी बदला. त्यासाठी १०० लिटरभर जादा खारं पाणी पिंपात तयार असू द्या. नवा दिवा जास्त ताकदीचा असेल तर ५० टक्क्यांवर सुरू करून महिन्याभरात वाढवा.

प्रश्न : वाळू पाच वर्षांची आहे, १० सेंमी खोल. काचेतून काळे पट्टे दिसतात. तिच्यात जिवाणू भरपूर असणार, मग तीच नव्या टाकीत घालावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घालू नका. मरीन टाकी हलवताना जेवढे मासे दगावतात, त्यातले बरेचसे या वाळूपायी. खोल थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षांची घाण आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. काळे पट्टे त्याचेच. फावड्याने उपसली की सडक्या अंड्यांचा वास येतो. तीच वाळू परत घातली तर साठलेला सगळा माल एकदम पाण्यात उतरतो. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो.

नवीन वाळू परवडत नसेल तर जुनी थोडी थोडी बादलीत घेऊन नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटी आरओच्या पाण्याने खंगाळा. त्यातले जिवाणू मरतील, मरू द्या. काळा भाग न लागलेल्या, वरच्या एक सेंमी थरातली दोन कप वाळू न धुता बाजूला काढा आणि नव्या वाळूवर विरजणासारखी पसरा.

प्रश्न : गाव मालवणजवळ आहे. मीठ महाग पडतं, म्हणून समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावरचे पोवळ्याचे दगड आणले तर? (एक वाचक)

उत्तर : दगडांना हात लावू नका. प्रवाळ खडक बांधणारी सगळी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते गोळा करणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे.

पाणी आणता येतं, पण खाडीच्या तोंडापासून आणि गावच्या सांडपाण्यापासून दूर, भरतीच्या वेळी, पावसाळा सोडून. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळची क्षारता खूप घसरते आणि गाळ येतो. आणलेलं पाणी अंधारात दोन आठवडे नितळू द्या, बारीक फिल्टरमधून गाळा, क्षारता मोजून मगच वापरा. डिझेलचा खर्च धरला तर पुण्या-मुंबईकराला मीठच स्वस्त पडेल.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर ४ × २ × २ ची टाकी चालेल का?

उत्तर : पाणी, १२ मिमी काच, दगड, वाळू, स्टँड आणि संप मिळून वजन ७५० किलोच्या घरात जातं, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरातल्या खोल्यांचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून बांधतात. तो भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरलेला असतो, म्हणून टाकी ठेवली की स्लॅब लगेच खचतो असं नाही. तरी खोलीच्या मधोमध ठेवू नका. भिंतीलगत, बीमच्या जवळ, शक्यतो कॉलमच्या कोपऱ्याकडे ठेवा आणि जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ठेवूच नका.

प्रश्न : वीज गेली की संप भरून फरशीवर पाणी येतं. नवीनच टाकी आहे.

उत्तर : तुमच्या टाकीची लांबी-रुंदी कळवलेली नाही. ४ × २ फुटांच्या टाकीत एक सेंमी पाणी म्हणजे साडेसात लिटर. पंप थांबला की पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये पडतं त्या कप्प्याच्या) दातांपर्यंत उतरतं, दोन सेंमी धरले तर १५ लिटर. रिटर्न पाइपचं (संपमधून पाणी परत वर आणणाऱ्या नळीचं) तोंड पाच सेंमी बुडालेलं असेल तर तो उलटा सायफन होऊन ३७ लिटर खाली ओढतो. तोंड वर घ्या, किंवा पाइपला पृष्ठभागाच्या अगदी खाली ५ मिमीचं भोक पाडा. भोक उघडं पडताच हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा दातकोरणीने मोकळं करा. मग पंप मुद्दाम बंद करून बघा आणि संपमध्ये कमाल पातळीची खूण मार्करने करून ठेवा.

प्रश्न : टाकी बदलून दहा दिवस झाले. वाळूवर तपकिरी साय धरली आहे. पाणी बदलू का?

उत्तर : डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहे, नव्या वाळूतल्या सिलिकेटवर वाढतो. अमोनिया शून्य असेल तर तीन-चार आठवड्यांत आपोआप जातो. गोगलगायी असतील तर त्यांची चंगळ आहे.