वाचकांचे प्रश्न : साफ केलेला कोपरा पुन्हा घाण का होतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय कचरा हाच आहे. पावसाळा तोंडावर आला की मुंबईकराला नाल्यांची आणि कचऱ्याची काळजी लागते, ती रास्तच आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या संरक्षक भिंतीबाहेर कित्येक वर्षे कचरा साचतो. सभासदांनी एका रविवारी तो सारा काढला आणि भिंत रंगवली. आठवड्याच्या आत ढीग पुन्हा होता तसा झाला. काहींचे म्हणणे आहे की भिंतीवर देवदेवतांच्या टाइल्स बसवाव्यात, तर काहींना तेथे मोठा डबा हवा आहे. काय करणे योग्य ठरेल?
– एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर : आपण कचरा काढलात, परंतु तो तेथे येण्याची कारणे होती तशीच राहिली. म्हणून पुन्हा झाडू हाती घेण्यापूर्वी काही दिवस त्या कोपऱ्यावर नुसते लक्ष ठेवावे, असा आमचा आग्रह आहे. पहाटे, महापालिकेची गाडी येऊन गेल्यानंतर आणि रात्री दुकाने बंद होण्याच्या सुमारास तेथे काय पडते ते पाहिले, की ढीग कोणाचा आहे हे आपोआप कळते. गाठ मारलेल्या लहान काळ्या पिशव्या आणि त्यांत भाजीची देठे, चहाचा चोथा, डायपर असे काही असेल, तर तो घरांतला कचरा; बहुधा अशा घरांतला, जेथील माणसे गाडी येण्याआधीच लोकल गाठण्यासाठी बाहेर पडतात. शहाळी, कागदी प्लेटा आणि चहाचे कप असतील, तर तो टपऱ्यांचा आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यांचा. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि सिमेंटच्या गोण्या असतील, तर जवळपास कोणाच्या तरी घराचे काम चालू आहे आणि टेम्पोवाल्याने रात्री डेब्रिज येथे उतरवले आहे. हे डेब्रिज आधी हलवावे, कारण त्याच्या आडोशाने बाकीचा कचरा जमू लागतो.

या तिघांना एकाच फलकाने थांबवता येत नाही. घरांतल्या कचऱ्यासाठी विभागातील चौकीवर जाऊन मुकादमांना भेटावे, गाडीची वेळ विचारावी आणि ती अर्धा-पाऊण तास मागेपुढे होऊ शकते का ते पाहावे. ते जमत नसेल, तर पहाटे निघणाऱ्यांच्या पिशव्या गाडी येईपर्यंत आतच ठेवण्याची सोय आपल्या व शेजारच्या इमारतींच्या वॉचमनकडे करता येते. टपरीवाल्यांना झाकणाचा ड्रम ठेवायला सांगावे आणि तो रात्री कोठे रिकामा होतो याचीही चौकशी करावी, अन्यथा ड्रम भरतो आणि आपल्याच भिंतीपाशी उपडा होतो. डेब्रिजच्या बाबतीत संस्थेच्या हाती मोठे साधन आहे. घरदुरुस्तीला परवानगी देतानाच, डेब्रिज कोण, कधी आणि कोठे नेणार हे लेखी घ्यावे. शुल्क भरल्यास ते उचलून नेण्याची महापालिकेची सेवाही आहे. तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढचा पाठपुरावा त्यावरच होतो. बृहन्मुंबईच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींनुसार सार्वजनिक जागी कचरा टाकणाऱ्याला दंड होऊ शकतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. मात्र दंडाच्या धाकापेक्षा कचरा टाकण्याची सोयीची पर्यायी जागा अधिक काम करते, असे आमचे मत आहे.

डबा ठेवायचा असेल, तर तो रोज कोण रिकामा करणार हे आधी ठरावे. वेळेवर न उचललेला डबा म्हणजे कचरा येथेच टाकावा याचे निमंत्रणच होय. देवांच्या टाइल्सची कल्पना आम्हाला पसंत नाही. तेथे न पडलेला कचरा चार पावलांवरच्या पुढच्या भिंतीशी पडतो आणि ज्या श्रद्धेचा आपण वापर करतो, तिचीच अखेर विटंबना होते.

आता प्रत्यक्ष सफाईविषयी. जाड रबरी हातमोजे, बंद बूट आणि लांब चिमटा यांशिवाय कोणालाही ढिगाला हात लावू देऊ नये. काच, सुया आणि वापरलेले सॅनिटरी पॅड वेगळे काढून कागदात गुंडाळावेत, त्यावर खूण करावी आणि ते सफाई कामगारांच्या हाती सांगून द्यावेत, कारण ती पिशवी पुढे त्यांनाच उचलायची असते. कचरा असतो तेथे उंदीर असतात आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तेव्हा पायाला जखम असलेल्या व्यक्तीने पावसाळ्यात या कामापासून दूरच राहावे आणि साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भरलेल्या पिशव्या उचलण्यासाठी गाडी त्याच दिवशी येईल, हे चौकीवर आधीच ठरवून घ्यावे. रात्रभर राहिलेल्या पिशव्या कुत्री फाडतात आणि दिवसभराचे कष्ट वाया जातात. पालापाचोळा किंवा प्लास्टिक जाळू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून ५,००० रुपयांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला आहे.

उरलासुरला केर गटारात लोटण्याची सवयही मोडायला हवी. भांडुपचे नाले पूर्वेला ठाण्याच्या खाडीत उतरतात, त्याच खाडीत जेथे हजारो रोहित पक्षी येतात आणि जिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुराला अतिवृष्टी, भरती आणि मिठी नदीची आवळलेली पात्रे अशी अनेक कारणे होती. तरीही गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या प्लास्टिकने पाण्याची वाट आणखी अडवली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

वर्सोव्याच्या किनाऱ्याचे उदाहरण आपल्या सभासदांना जरूर सांगावे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह तेथे कचरा उचलायला सुरुवात केली आणि पुढे आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. एका रविवारच्या मोहिमेने हे घडले नसते. आपल्या कोपऱ्यालाही पहिले दोन-तीन महिने रोज सकाळी पाहणारी व्यक्ती लागेल. पाळी लावून ही जबाबदारी वाटून घ्यावी.

प्रश्न : आम्ही सुका कचरा वेगळा ठेवतो, परंतु भंगारवाला त्यातले निम्मे परत करतो. त्याला नेमके काय चालते? आणि प्लास्टिकबंदी असूनही बाजारात पिशव्या मिळतातच, मग एकट्याने पिशवी नेऊन काय उपयोग?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ज्याला पुढे गिऱ्हाईक आहे तेच भंगारवाला घेतो, आणि गिऱ्हाईक असण्यासाठी वस्तू एकाच जातीची, कोरडी व स्वच्छ असावी लागते. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे यांना भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटाला तो मिळत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करण्याचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त होतो. कागदी कपाचेही तसेच आहे. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे तो रद्दीत जात नाही.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती रोज घरात येते. पिशवी फोडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण कापून टाकू नये. चीर अशी द्यावी की तो पिशवीला लटकत राहील. सुटलेला तो इवलासा त्रिकोण मोरीतून गटारात जातो आणि कोणत्याही कचरावेचकाच्या हाती लागत नाही. मग पिशवी विसळून, ते पाणी झाडांना घालून, पिशवी तोंड खाली करून वाळत घालावी. ओल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा दोन दिवसांत आंबतो आणि भंगारवाला तो नाकारतो, यात त्याचा दोष नाही. जे तो घेत नाही ते महापालिकेच्या सुका कचरा वर्गीकरण केंद्रात द्यावे. तेथे कचरावेचक स्त्रिया हाताने एकेक वस्तू निवडत असतात, आणि उष्टे लागलेला डबा पाठवताना आपण तो कोणाच्या हातात देत आहोत याचा विचार व्हायला हवा. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ या उपक्रमातून मुंबईतील अशा स्त्रियांना संघटित केले आहे. त्यांचे काम एकदा पाहिले, तर कचरा वेगळा करण्याबाबत घरात पुन्हा सांगावे लागणार नाही.

राज्याची बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत ‘नॉन-वोव्हन’ पिशव्याही बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. त्यांना कापडी समजू नये. आपण एकट्याने पिशवी नेल्याने बाजार बदलणार नाही, हे खरे आहे. तथापि आपल्या घरातून निघणारा कचरा कमी होईल आणि तेवढे आपल्या हाती निश्चित आहे. मासळी घ्यायला जाताना डबा न्यावा. कोळीण आनंदाने त्यात मासे घालून देते. इडली-वड्याच्या पार्सलबरोबर सांबार व चटणीच्या रबर लावलेल्या पातळ पिशव्या येतात, त्या तर धुऊनही कोणी घेत नाही; तेथे स्टीलचा डबा हाच उपाय आहे.

प्रश्न : आमच्या संकुलात खतनिर्मिती सुरू केली, पण दुर्गंधीमुळे रहिवासी ती बंद करा म्हणतात. हे काम महापालिकेचे नाही काय?
– एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : संकुलाचे क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटरहून अधिक असेल किंवा रोजचा कचरा १०० किलोपेक्षा जास्त असेल, तर ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करणे महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक केले आहे. त्यामागचे कारणही रास्त आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन तयार होतो आणि आगीला खाद्य मिळते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला.

दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : कचरा फार ओला आहे आणि त्यात हवा खेळत नाही. जेवढा ओला कचरा, तेवढाच किंवा त्याहून अधिक सुका पाला आकारमानाने घालावा आणि दर दोन-तीन दिवसांनी ढीग वरखाली करावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांतून पाण्याची धार लागली, तर पाला कमी पडला आहे असे समजावे. एखाद-दुसरा थेंब चालतो. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने चटकन कुजतात. देशी बदाम, फणस व आंब्याची पाने मात्र चुरडूनच घालावीत, नाहीतर ती एकावर एक बसून हवा अडवतात. खरी अडचण पावसाळ्यात येते, कारण तेव्हा कोरडा पाला मिळतच नाही. त्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल या पानगळीच्या दिवसांत गोण्या भरून छपराखाली ठेवाव्यात. रस्सा, तेलकट उष्टे आणि मांसाहारी खरकटे सुरुवातीचे काही महिने टाळावे. विरजण म्हणून तयार खताच्या दोन-चार टोपल्या किंवा आंबट ताक पुरते. महागड्या पावडरीची गरज पडत नाही.

प्रश्न : सासूबाईंचा आग्रह असतो की निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडावे. त्यासाठी आम्ही पुलावरून पिशवी खाडीत टाकतो. मन मात्र खात राहते.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : सासूबाईंच्या भावनेचा मान राखूनही ही पिशवी थांबवता येईल. फुले, दूर्वा आणि बेलाची पाने घरीच मातीच्या कुंडीत थर देऊन जिरवावीत आणि ते खत तुळशीला घालावे. निर्माल्य पायदळी येऊ नये ही त्यांची मूळ इच्छा त्यात पूर्ण होते. गणेशोत्सवात विसर्जनस्थळी ठेवलेल्या निर्माल्य कलशांचा उपयोग करावा. त्याआधी हारातील जरीचा दोरा, चमकी, थर्माकोलचे मणी आणि प्लास्टिकची पिशवी काढून घ्यावी, कारण त्या गोष्टी कुजत नाहीत. जुन्या तसबिरींची चौकट व काच सुटी करून काच जाड कागदात गुंडाळावी आणि सुक्या कचऱ्याबरोबर देताना सफाई कामगाराला तसे सांगावे.