मुलगा ‘अँटिसोशल’ आहे म्हणे!

‘मॅडम, आमचा मुलगा अँटिसोशल आहे.’ पालकांकडून हे हल्ली वरचेवर ऐकते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बाबांनी सांगितलं तेव्हा मुलगा सहावीत होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्गात तोंड उघडत नाही, मधल्या सुट्टीत एकटाच डबा खातो, कुणाच्या वाढदिवसाला जात नाही.

‘मारामाऱ्या करतो? चोऱ्या? मुक्या जनावरांना छळतो?’

आई दुखावलीच. ‘छे हो, मुंगीलासुद्धा दुखवणार नाही!’

मग अँटिसोशल कसा? ग्रीक ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. ‘सोशल’च्या मुळाशी लॅटिन ‘सोसियस’ आहे, म्हणजे सोबती. सोबत्यांवरच उलटणारा, वर्तमानपत्रं ज्याला समाजकंटक म्हणतात, तो अँटिसोशल. मानसोपचारात या नावाचा एक व्यक्तिमत्त्व-विकार आहे; त्यात माणूस इतरांचे हक्क सतत पायदळी तुडवतो. १८ वर्षांखाली ते निदान करतच नाहीत. माणसं टाळणाऱ्याला फार तर असोशल म्हणा, पण मला तोही शिक्का मारायची घाई नव्हती.

कारण बोलता बोलता कळलं, हाच मुलगा देवळात भजनाला झांज धरतो आणि शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवात, रोमटाच्या मिरवणुकीबरोबर ढोल वाजवत फिरतो. म्हणजे गप्प असतो तो फक्त शाळेत. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. गोव्यात कितीतरी मुलं याच वाटेनं जातात. मोठ्यानं वाचताना एकदा उच्चार चुकला, वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून त्यानं तोंडच मिटलं.

वर्गशिक्षिकेनं त्याला उभं करून वाचायला लावणं काही काळ थांबवलं. आधी बाकावरच्या एका मित्राला दोन ओळी वाचून दाखवायच्या, मग चौघांच्या गटात. बाबांना एकच पथ्य दिलं: पाहुण्यांसमोर ‘हा बोलतच नाही’ म्हणायचं नाही. तेच त्यांना सगळ्यात जड गेलं! वर्ष संपता संपता तो गटात वाचू लागला. वाढदिवसांना अजून जात नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही.

पण सहा महिने उलटूनही शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल, मूल चारचौघांत जेवायला-बोलायला घाबरत असेल, तर ती सामाजिक भीतीची व्याधी असू शकते. तेव्हा बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि आवडीचं भजन, ढोलही त्यानं सोडून दिलं असेल, तर सहा महिने वाट पाहू नका.