ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रोडावलेलं, लाळ गाळणारं चितळ दिसलं. 'झोंबी डिअर'चा रोग ठाण्यात आला का?

नाही आला. तुम्ही म्हणताय तो क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग. अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड एवढ्या ठिकाणी तो सापडलाय. भारतात त्याची नोंद नाही. चितळ बारीक होतं, मान खाली होती, लाळ गळत होती आणि माणसाला बुजत नव्हतं, ही तुमची चार लक्षणं त्या रोगात दिसतात हे खरं, पण ती दुसऱ्या दहा कारणांनीही दिसतात. गुरांचा लाळ्या-खुरकूत घ्या, तो हरणांनाही लागतो. पाड्यांवरची गुरं आणि हरणं एकाच ओहोळावर येतात. घाबरायचंच असेल तर रेबीजला घाबरा. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं हरीणही लाळ गाळतं आणि माणसाला बुजत नाही. त्या लाळेला हात लावू नका.

माझी सगळी नोकरी शहापूर-मुरबाडकडे गुरांच्या दवाखान्यांत गेली. निवृत्तीनंतर ठाण्यात पोखरण रोडच्या वरच्या अंगाला राहायला आलो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जंगलच आहे. उन्हाळ्यात सांबरं तिथवर उतरायची. एका शेजाऱ्यांनी भिंतीलगत टब ठेवला, मिठाचा खडा बांधला. सगळ्या मजल्यांवरच्या शिळ्या पोळ्या, पाव, भात त्यात पडायला लागला. मुक्या जनावराच्या तोंडी घास गेला की पुण्य लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी मीटिंगमध्ये विरोध केला तर उत्तर मिळालं, "तुम्ही गाईम्हशींचे, ही जंगली जनावरं आहेत, त्यांना सगळं पचतं."

पचत नाही. गाय रवंथ करते तसंच सांबरही करतं. पाला आणि गवत पचवायला त्यांच्या कोठीपोटात जिवाणूंची एक घडी बसलेली असते. त्यात एकदम घमेलंभर भात गेला की आंबतो, आम्ल तयार होतं, ते रक्तात उतरतं आणि जनावर आडवं होतं. लग्नसराईत मांडवामागचं उष्टं खाऊन पडलेल्या गाई दवाखान्यात यायच्या. नेहमीची केस. वेळेत आली तर सोडा पाजून, सलाईन लावून वाचायची. जंगलातल्या सांबराला कोण आणणार?

हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा उरलेला भात त्या टबात पडला आणि पुढे एक सांबराची मादी नाल्याच्या कडेला पडलेली सापडली. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'झोंबी डिअर ठाण्यात पोचला, मुलांना बाहेर सोडू नका.' वनखात्याची माणसं आली, डॉक्टर आले, शवविच्छेदन झालं. मी शेजारी उभा होतो. कोठीपोट कापल्याबरोबर आंबलेल्या भाताचा वास आला, आणि भातात गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती. हे मी कमिटीसमोर सांगितलं. टब उचलला गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत ठेवला गेला.

म्हणून त्या अमेरिकेतल्या रोगाबद्दल लोक बोलतात तेव्हा मला राग येतो. व्हिडिओ सगळे पाहतात, रोग पसरतो कसा हे कुणी वाचत नाही. १९६७मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला संशोधनासाठी कोंडून ठेवलेल्या म्यूल डिअर या तिकडच्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा दिसला. मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात हे एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक बाईंनी १९७८मध्ये ओळखलं. हा विषाणू नाही की जिवाणू नाही. वेडीवाकडी घडी पडलेलं प्रथिन आहे, प्रायॉन म्हणतात. उकळून मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लाळ, मूत, लेंड्या यांतून पसरतं, आणि लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं. म्हणजे जिथे सगळा कळप एका जागी तोंड घालतो तिथे त्याचं फावतं. विस्कॉन्सिनमध्ये हरणं जिथे खनिज मीठ चाटायला येतात तिथल्या माती-पाण्यात प्रायॉन सापडले. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत रोग सापडलेल्या भागात हरणांना खायला घालायला बंदी आहे ती याचसाठी. नॉर्वेत २०१६मध्ये नॉर्डफ्येला या डोंगराळ भागातल्या रेनडिअरमध्ये तो सापडला, तेव्हा २०००हून जास्त जनावरांचा तो अख्खा कळप मारावा लागला. मेंढ्यांसाठी ठेवलेलं मीठ चाटायला तीही जमायची. आमच्या भिंतीलगतचा टब आणि मिठाचा खडा म्हणजे वेगळं काय?

माणसाला हा रोग झाल्याची एकही सिद्ध केस नाही. तरी तिकडे रोगी हरणाचं मांस खाऊ नका असं सांगतात, कारण गाईंमधला असाच रोग ब्रिटनमध्ये माणसात आला होता, हे १९९६मध्ये उघड झालं.

तुमचं चितळ परत दिसलं तर जवळ जाऊ नका, पाणी-पोळी काही देऊ नका. १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर किंवा येऊर गेटवर जागा सांगा. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक होतो, आणि न पाहिलेल्या जनावराचं निदान कुणीच करू नये. या रोगाची खात्री तर सहसा मेल्यावर मेंदूचा देठ आणि घशामागच्या ग्रंथी तपासूनच करतात.

आणि तुमच्याही सोसायटीत असा टब असेल तर उचलायला लावा. 'मग उन्हाळ्यात ती पितील काय,' असं कुणीतरी विचारेलच. जंगलात आत पाणवठे आहेत. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणीगणना होते ती त्याच पाणवठ्यांवर, वनखातं त्यांत पाणी भरतं. शिळ्या पोळ्या ओल्या कचऱ्यात टाका.