मान पुढे आलीय? आधी हनुवटी मागे घ्या

दिवसभर लॅपटॉपवर काम असतं, मान कासवासारखी पुढे येते. महिनाभर ‘चिन टक’ म्हणजे हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम करतोय, फरक शून्य. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही हनुवटी मागे न नेता खाली पाडताय. नजर जमिनीकडे वळली की समजा, चुकलं. टेबलाचा खण सरकतो तशी हनुवटी सरळ मागे जायला हवी.

पाठ टेकून बसा, समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीची एक खूण धरा. हनुवटीला बोट लावा. बोट तिथंच ठेवून हनुवटी मागे न्या. दोन सेंटीमीटर फट पडली तरी पुष्कळ. हनुवटीखाली वळी पडेल, पडू द्या. कवटीच्या खाली, मानेमागे हलका ताण जाणवला पाहिजे. 5 सेकंद थांबा, सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू, दाढा सुट्या.

आता आरशात पाहा. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारे दोन दोर तटतटून वर आलेत का? मग जोर जास्त झाला. आपल्याला कामाला लावायचेत ते मणक्याला लागून असलेले आतले स्नायू, आणि ते निम्म्याहून कमी जोरातच नीट काम करतात.

आई 70 वर्षांची, पोक आहे. तिनं भिंतीला डोकं टेकवून केलं तर?

भिंत नको. पोक असताना डोकं टेकवायला गेलं की हनुवटी वर उचलली जाते आणि मान मागे मोडते. पाठीवर झोपून करू द्या. डोक्याखाली चादरीची घडी इतकी जाड हवी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत राहतील. मग डोकं घडीत अलगद दाबायचं, सुरुवातीला पाचच वेळा. हाडं ठिसूळ झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

करताना हाताला मुंग्या येतात. सवयीनं जातील?

सवय लावू नका, थांबा. मुंग्या बोटांकडे उतरत असतील किंवा चक्कर येत असेल तर तपासून घ्या. पकड ढिली पडणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मानेचा पट्टा लावला तर लवकर सुटका होईल?

पोश्चरसाठी पट्टा नको. स्नायू आयते बसून राहतात. व्यायामाला सहा आठवडे द्या. तोवर लॅपटॉपखाली पुस्तकं रचून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. कीबोर्ड मात्र वेगळा घ्या, नाहीतर मान सुटेल आणि खांदे कानाला लागतील.